आठवं घर

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. घरं नेमकी सातच का, ते कुणी मोजलेलं नाही. सप्तपदी, सात जन्म आणि साता समुद्रांच्या रांगेत मांजरीनेही नंबर लावला असावा. पण निरीक्षण खोटं नाही. व्यालेली मांजरी पिल्लांना मानगुटीला धरून आज माळ्यावर, परवा मीटरच्या खोलीत, तेरवा सोसायटीत वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या मोटारीखाली हलवत असते. बोक्याने डोकावून पाहिलं, किंवा दुसऱ्या मजल्यावरच्या नातवंडांनी ‘कित्ती गोऽड’ असं किंचाळून साऱ्या इमारतीला पत्ता कळवला, की बाईंनी बिऱ्हाड उचललंच. तिच्या पोटात माया किती असते ते तिलाच ठाऊक. वागण्यात दिसते ती मात्र शुद्ध शंका. शहरातली बेवारस मांजरं उचलून आणणारी, बरी करणारी आणि त्यांना घरं शोधून देणारी जी स्वयंसेवक मंडळी आहेत, त्यांनी मांजरीकडून नेमका हाच गुण उचलला आहे आणि त्यांचं सगळं काम त्यावरच चालतं, असं माझं म्हणणं आहे. लोक समजतात, या माणसांना भूतदयेचे उमाळे येतात. उमाळे येणारे लोक वेगळे. ते दूध आणतात.

आणि दुधापासूनच भांडण सुरू होतं. मराठी भाषेने मांजराला दुधाशिवाय फारसं पाहिलेलंच नाही. ते डोळे मिटून दूध पितं, शिंक्याचं तुटतं तेव्हा बोक्याचं साधतं, आणि घरात वाटी ठेवली नाही तर आपण कसले हिंदुस्थानी, अशी एकूण समजूत. प्रत्यक्षात आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर धड पचत नाही, आणि बिनआईच्या पिल्लाला गाईचं दूध पाजलं की त्याला हगवण लागते. मूठभर पिल्लाची हगवण दोन दिवसांत त्याचा निकाल लावते. म्हणून जाणता स्वयंसेवक आला की पहिलं काम करतो ते वाटी उचलण्याचं, आणि जमलेल्या बायाबापड्यांच्या नजरेत त्याच क्षणी कसाई ठरतो. त्यानंतर तो करतो ते कुठल्याच भावगीतात बसणारं नाही. मांजरांसाठीच्या दुधाची पावडर कालवायची, दर दोन-तीन तासांनी पिल्लाला पालथं धरून बाटलीने पाजायचं, आणि मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्याच्या शेपटीखाली हलकेच फिरवायचा. कारण पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हा ती होते. रात्री तीन वाजता हे करणाऱ्या माणसाला प्रेमळ म्हणावं की चिवट, हा ज्याचा त्याचा प्रश्न. एवढं करूनही या वयात नर की मादी हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मनी म्हणून वाढवलेलं पिल्लू चौथ्या महिन्यात मन्या निघतं आणि तोवर नाव तोंडात बसलेलं असतं. खात्री द्यायची ती फक्त तिरंग्या मांजराची. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण काळ्या-नारिंगीचा झगडा एक्स गुणसूत्रावर चालतो आणि तो एकाच अंगावर दिसायला सहसा अशी दोन गुणसूत्रं लागतात.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. तेवढ्यात माणसाचा हात, आवाज, प्रेशर कुकरची शिट्टी हे सगळं ओळखीचं झालं, तर ते माणसाळतं. ‘माणसाळणं’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. ती खिडकी मिटल्यावर सापडलेलं मांजर माणसाला आयुष्यभर मोठं कुत्रंच समजत राहतं. त्याला उचलून दिवाणखान्यात आणणं म्हणजे एखाद्या भिडस्त माणसाला धरून आणून स्टेजवर बसवण्यासारखं. ते सोफ्याखाली जातं आणि फक्त रात्री जेवायला बाहेर येतं. भूतदयेला हा फरक दिसत नाही. तिला सगळीच मांजरं घराला आसुसलेली दिसतात. शंकेखोर माणूस मात्र आधी विचारतो: हे घर हरवलेलं मांजर आहे, की घर नावाची गोष्टच न पाहिलेलं? पहिल्याला घर शोधायचं. दुसऱ्याची नसबंदी करून, लस टोचून, त्याला होतं तिथेच परत सोडायचं. लोकांना हे परत सोडणं सर्वांत निर्दय वाटतं.

नसबंदीवर तर आक्षेपांचा पाऊस पडतो, आणि गंमत अशी की ते सगळे आपण एकदा ऐकून झालेले आहेत. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांना जे सुनावलं गेलं, तेच शंभर वर्षांनी मांजरांच्या वतीने सुनावलं जातं: हे निसर्गाविरुद्ध आहे, स्त्रीचं आईपण हिरावून घेणं आहे, निदान एकदा तरी होऊ द्यावं. मांजरीला एकदा होऊ द्यावं म्हणणाऱ्याने तिचं कॅलेंडर पाहिलेलं नसतं. चार-पाच महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते, जेमतेम दोन महिन्यांत विते, साधारण चार पिल्लं देते, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एकाच वेतातल्या भावंडांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे सोसायटीच्या सभेत न सांगितलेलंच बरं. इथे स्वयंसेवकांचीही थोडी खोड काढायला हवी. एका जोडीपासून सात वर्षांत 4,20,000 मांजरं होतात, असं एक गणित त्यांच्या पत्रकांवर जगभर फिरत असतं. हे खरं असतं, तर आज आपण मांजरांच्या सोसायटीत भाड्याने राहत असतो. पिल्लांचे मृत्यू धरून गणितज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा आकडा शंभर ते चारशेच्या घरात आला. मोठ्या आकड्याची गरजही नाही, कारण छोटा आकडा त्याहून वाईट आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात बेवारस मांजरींच्या 169 पिल्लांवर नजर ठेवली गेली; सहा महिन्यांच्या आत त्यांतली 127 मेली किंवा दिसेनाशी झाली. निसर्गावर सोडा म्हणतात, तो निसर्ग हा असा. त्याचंही कुटुंबनियोजन चालतं, फक्त तो शस्त्रक्रिया नंतर करतो आणि भूल देत नाही.

आता प्रत्यक्ष पकडण्याचा कार्यक्रम. पिंजरा साधा असतो: एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला तळलेला बांगडा, मध्ये पाय पडला की दार पाडणारी पट्टी. भुकेलं मांजर आत जातं, दार पडतं, वरून चादर टाकली की अंधारात ते शांत होतं. यातला ‘भुकेलं’ हा शब्द सोपा नाही. आदल्या दिवशी मांजराला खायला घालायचं नसतं. एक तर ते पिंजऱ्यात शिरायला हवं आणि दुसरं म्हणजे भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. पण प्रत्येक सोसायटीत एक काकू असतात, ज्या रोज संध्याकाळी खाली उतरून मांजरांना घालतात, आणि त्यांना ‘आज घालू नका’ म्हणणं म्हणजे संकष्टीला ‘आज चंद्र पाहू नका’ म्हणणं. काकू मान डोलावतात आणि रात्री साडेनऊला पदराआडून सुकट नेतात. त्यांच्याखेरीज वॉचमन असतो, ज्याला पिंजरा चोरांसाठी आहे असं वाटतं. सेक्रेटरींना पिंजऱ्यासाठी लेखी अर्ज हवा असतो. शिवाय पहाटे बांगडा पळवणारा कावळा. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो बोका गाडीच्या टपावर बसून सगळं पाहत असतो. पिंजऱ्यात सापडतं ते तिसऱ्यांदा फुकट मासा खायला आलेलं, आधीच शस्त्रक्रिया झालेलं मांजर. ते ओळखायचं त्याच्या कानावरून: भुलीत असतानाच कानाचं टोक किंचित कातरलेलं असतं. कातरलेला कान पाहून कळवळणारे लोक भेटतात, पण त्या कातरीमुळे मांजर पुन्हा टेबलावर जायचं वाचतं. थोडक्यात, एक मांजर पकडायला आधी तीन माणसं आणि एक कावळा हाताळावा लागतो, आणि उमाळा यांच्यापैकी कुणालाच हाताळू शकत नाही. काकूंना तो उमाळा पुरेसा आहेच. त्यांच्याकडे नाही ती वही. कुठली झाली, कुठली राहिली, कुठली गाभण दिसते हे लिहिणारी वही. वही ठेवणारा माणूस आणि काकू यांची गट्टी जमली की त्या सोसायटीत पुढच्या पावसाळ्यात पिल्लं दिसत नाहीत.

‘एवढं कशाला? सगळी पकडा आणि लांब सोडून या,’ हा सभेतला सर्वांत लोकप्रिय ठराव. पोत्यात घालून मासळी बाजारात सोडण्याची आपली जुनी परंपरा आहे. सोडणाऱ्याला वर समाधानही असतं की तिथे मांजराची पोटापाण्याची सोय झाली. बाजारात आधीपासून असलेल्या बोक्यांचं मत कुणी घेत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराचे उपासमारीने हाल होतील अशा रीतीने त्याला टाकून देणं हा गुन्हा ठरवला आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात मांजर टाकायला जाण्याचं रिक्षाभाडंही होत नाही. पण कायदा दुबळा आहे म्हणून ठराव शहाणा ठरत नाही. दक्षिण तास्मानियात दोन ठिकाणी रानटी मांजरं थोडी थोडी मारून पाहिली, तर कॅमेऱ्यांत दिसणारी संख्या एका जागी 75 टक्क्यांनी आणि दुसऱ्या जागी 211 टक्क्यांनी वाढली. दादा मांजरं गेली, जागा आणि जेवण मोकळं झालं, आणि आसपासची आत शिरली. चाळीतली खोली रिकामी झाल्यावर काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला तास्मानियाला जायची गरज नाही. उलट मध्य फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात 1991 पासून अकरा वर्षं नसबंदीचं काम चिकाटीने चाललं. एकूण 155 मांजरांची नोंद झाली. 1996 मध्ये आवारात 68 होती, 2002 मध्ये 23 उरली. हा आकडा नसबंदीवाले अभिमानाने सांगतात, पण त्यातलं अर्धं इंगित पुष्कळदा गाळतात: त्या 155 पैकी जवळजवळ निम्मी दत्तक गेली होती. नुसत्या कात्रीने संख्या उतरत नाही, घरं लागतात.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप पक्षिमित्रांचा आहे आणि त्याला थातुरमातुर उत्तर देणं बरोबर नाही. मोकाट मांजरं अमेरिकेत वर्षाला किमान 130 कोटी पक्षी मारतात, असा अंदाज 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी महासागराच्या दक्षिणेला मॅरियन बेटावर 1949 मध्ये उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरं नेली. 1977 पर्यंत त्यांची सुमारे 3400 झाली आणि त्यांनी समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडला. ती संपवायला रोगाचा विषाणू सोडावा लागला, रात्री बंदुका घेऊन माणसं फिरवावी लागली, आणि काम उरकायला 1991 उजाडलं. अशा बेटावर कान कातरून परत सोडणं हा वेडेपणाच होईल, हे मी कबूल करतो. पण मुलुंडची सोसायटी म्हणजे मॅरियन बेट नव्हे. तिच्या चारी बाजूंना दुसऱ्या सोसायट्या आहेत, कोपऱ्यावर मासळीवाल्या आहेत आणि कुंपणाला भगदाडं आहेत. इथे मांजरांचं शेवटचं टोक कधी सापडणार नाही. इथे पक्ष्यांना उपयोगी पडेल असा उपाय एकच: पिल्लं कमी जन्मावीत आणि जन्मलेली दाराच्या आत राहावीत. म्हणजे पक्षिमित्र आणि मांजरमित्र यांची मागणी एकच निघते. तरी ते एकमेकांशी बोलत नाहीत, पण हा मांजरांचा दोष नाही.

‘आधी माणसांचं पाहा’ या आक्षेपाबद्दल फार लिहीत नाही. तो घेणारी माणसं माणसांचं नेमकं काय पाहत असतात, हे विचारलं की विषय बहुधा हवामानाकडे वळतो. सरकारने कुणाचं आधी पाहिलं ते मात्र नोंदवण्यासारखं आहे. 2001 मध्ये केंद्राने जन्मनियंत्रणाचे नियम केले, त्यांच्या नावातच कंस टाकून ‘कुत्रे’ असं लिहिलं होतं. मांजराला कंसातही जागा मिळाली नाही. पुण्याने 2022 मध्ये मांजर पाळायला परवाना लागेल असं ठरवलं, तेव्हा त्याची दखल घेतली गेली, तीही पुणेरी पद्धतीने.

काळ्या पिल्लांचं काय करावं, ही निराळीच डोकेदुखी. त्यांना घर मिळत नाही, कारण मांजर आडवं गेलं तर काम होत नाही. आता पाचवीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी सटवाई म्हणजे षष्ठीदेवी, आणि षष्ठीचं वाहन मांजर. म्हणजे ज्या प्राण्यावर बसून नशीब घरात येतं, तोच रस्त्यात दिसला की आपण चार पावलं मागे येतो. वाहनाला ओव्हरटेक करू दिलं नाही म्हणून देवी रागावत असेल की नाही, यावर शास्त्रीबुवांनी विचार करावा.

उरला शेवटचा आणि सर्वांत कडवट आक्षेप: मांजर फुकट न्यायला आलेल्या माणसाला इतके प्रश्न का विचारता? मुलीचं लग्न ठरवायचं आहे का? आक्षेप रास्त वाटतो, पण एक फरक आहे. फसलेली मुलगी फोन तरी करू शकते. खिडक्यांना जाळी आहे का, हा पहिला प्रश्न. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं, या समजुतीवर बहुतेक उमेदवार तिथेच हसतात. या समजुतीला न्यूयॉर्कच्या एका पाहणीचा आधारही मिळाला होता. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत उंच इमारतींवरून पडून दवाखान्यात आणलेल्या 132 मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतली 90 टक्के वाचली होती. जी जागच्या जागी मेली, ती दवाखान्यात आणलीच गेली नव्हती. त्यांचं मत त्या टक्केवारीत नाही. म्हणून जाळी. दुसरा प्रश्न: घरात मासे शिजतात का? मुंबईत मासे शिजवणाऱ्या माणसाला फ्लॅट मिळत नाही आणि न शिजवणाऱ्याला मांजर मिळायला त्रास होतो, हा या शहराने साधलेला एक तोल आहे. ‘आमच्याकडे तीही वरणभात खाईल’ असं अभिमानाने सांगणाऱ्याला समजावावं लागतं की मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं. ते मिळालं नाही तर डोळे आणि काळीज दोन्ही जातात. धर्म बुडू द्यायचा नसेल तर तयार कोरडं खाणं बाजारात मिळतं, ते डब्यातून काढताना कुणी आपल्याकडे पाहत नाही. नसबंदी करणार का? घरात तान्हं बाळ आहे का, सासूबाईंना दमा आहे का, घर भाड्याचं आहे का? ‘मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून हवंय’ असं म्हटलं की वही मिटते. अशा चौकशीने कितीतरी बऱ्या घरांना नकार जातो, हे मला मान्य आहे आणि काही स्वयंसेवक ही चौकशी एमपीएससीच्या मुलाखतीसारखी घेतात, हेही मान्य. पण परत आलेलं मांजर दुसऱ्यांदा घालवणं फार जड जातं. आणि योग्य घर मिळालं तर मांजर काय करतं, याचा दाखला लंडनला आहे. तिथल्या बॅटरसीच्या आश्रयगृहातून 2011 मध्ये उंदीर धरायला म्हणून पंतप्रधानांच्या निवासस्थानी नेलेल्या लॅरी नावाच्या बेवारस बोक्याने 2024 पर्यंत सहा पंतप्रधान पाहिले. ते येत-जात राहिले. सात घरं न फिरता जागच्या जागी कुटुंबं बदलून घेणारं असं दुसरं मांजर नसेल.

सामान्य घरात उलट होतं. कुटुंब जागा सोडतं, मांजर मागे राहतं. म्हणून मुलाखतीतला शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: उद्या लग्न झालं, किंवा शिकायला परदेशी गेलात, तर मांजराचं काय? समोर बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला उत्तर आधीच पाठ असतं. तो जराही न अडखळता सांगतो, ‘आईकडे ठेवीन ना!’ स्वयंसेवक वही पुढे ओढतो, आईचा नंबर लिहून घेतो आणि तिथल्या तिथे फोन लावतो. दोनदा रिंग वाजते. मागे कुकरची शिट्टी होते. मग पलीकडून आवाज येतो, ‘कसलं मांजर?’